पेल्याच्या तळाचं वाक्य

पेला दोन्ही हातांत धरा आणि आत डोकावायची घाई करू नका. डोकावलात तरी काही दिसणार नाही. जग हिला फ्रान्समधल्या काऑरची लाल वाईन म्हणतं, आम्ही लाबर्दी गावचे लोक काळीच म्हणतो. मालबेकची द्राक्षं, चुनखडीची जमीन आणि खाली वळणं घेत जाणारी लॉट नदी, एवढ्यातून ही दाट, तुरट वाईन होते. पेल्याच्या तळाशी एक वाक्य कोरलेलं आहे. ते का, हे विचारल्याशिवाय पाहुणे जात नाहीत. मी ओदील, गावची कुंभारीण. पेले मीच घडवते, त्यामुळे सांगायचं कामही माझ्याकडेच आलंय.

फार जुनी गोष्ट. परदेशी जाणारी वाईन तेव्हा समुद्राजवळच्या एका बंदरातून जायची. तिथल्या व्यापाऱ्यांनी राजाकडून कायदाच करून घेतला होता म्हणे. त्यांची स्वतःची वाईन विकून होईपर्यंत, म्हणजे नाताळ उलटेपर्यंत, वरच्या खोऱ्यातलं एकही पीप बंदरात शिरायचं नाही. आमची पिपं थंडीवाऱ्यात काठावर पडून राहायची. मग हेच लोक ती पडत्या भावात घ्यायचे, वरची गावाची खूण तासायचे आणि आपला शिक्का मारायचे. त्यांच्या फिकट पाण्याला रंग यावा म्हणून आमची त्यात ओतायचे, ते वेगळंच. हे सांगताना मला अजूनही राग येतो, आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

आमच्या गावचा आर्नो नावाचा नावाडी पिपं पोचवायला जायचा. बंदरातल्या खाणावळीत एकदा त्यानं दुसऱ्याच नावाच्या वाईनचा घोट घेतला आणि उठून उभा राहिला. "ही लाबर्दीची आहे. मीच आणली."

"खूण दाखव," व्यापारी हसला.

खूण केव्हाच तासलेली. अब्रूदार माणसावर खोटा आळ घेतला म्हणून आर्नोलाच कोठडीत टाकलं. खोटं बोललो एवढं कबूल कर आणि घरी जा, असं त्याला सांगितलं. तो कबूल करेना.

त्याची बायको गिलमेत पिपं बनवणाऱ्याची मुलगी. नवऱ्याचा शब्द खरा ठरेपर्यंत वाईनचा थेंब तोंडात घेणार नाही, असा नवस तिनं बोलला. त्या हंगामात पिपं भरण्याआधी तिनं प्रत्येकाच्या तळफळीवर आतल्या बाजूनं छिन्नी चालवली. बाहेरची खूणही नेहमीसारखीच केली. त्यांना तासायला काहीतरी हवं ना.

नाताळ उलटला, पिपं गेली, मागोमाग गिलमेत गेली. व्यापाऱ्यांनी सवयीप्रमाणे बाहेरून तासलं. आत बघायचं कुणाला सुचलं नाही, आणि बघून तरी त्या काळ्या वाईनमधून काय दिसणार होतं? गिलमेतनं दाद मागितली तेव्हा न्यायाधीशासमोर व्यापाऱ्यानं आपल्या शिक्क्याचं पीप आणलं आणि ही आपल्याच मळ्यातली वाईन, अशी देवाची शपथ घेतली.

"रिकामं करा," गिलमेत म्हणाली.

पीप रिकामं केलं, झाकण काढून उजेडाकडे कलतं केलं. न्यायाधीशानं वाकून वाचलं, "लाबर्दी. आर्नो खरं बोलतो."

वाचलं खरं, पण असं सांगतात, इतक्या हळू वाचलं की पहिल्या रांगेच्या मागं कुणाला ऐकूच गेलं नाही. मग सुटकेचा हुकूम निघाला. शिपाई कोठडीत गेला तर आर्नो तीन दिवसांपूर्वीच तापानं गेलेला. तो गेल्याची खबर बाहेर द्यायची तसदीही कुणी घेतली नव्हती. व्यापाऱ्याला शिक्षा? काही नाही. कायदाही तसाच राहिला. त्यात फक्त एक कलम वाढलं: यापुढे पिपं आतूनही तपासावीत.

गिलमेत गावी परतली. "पीप त्यांच्या हातात जातं," ती म्हणाली, "पेला आपल्या हातात राहतो." आणि तिनं तेच वाक्य ओल्या मातीच्या पेल्यात कोरलं. आता 'बोलत होता' असं लिही, असं कुणीतरी सुचवलं. तिनं ऐकलं नाही.

आजही आमच्याकडे पेल्यात भरलेल्या वाईनमधून अक्षरं दिसली तर ती भेसळीची म्हणून दारात ओतून टाकतात. खरी असेल तर शेवटच्या घोटानंतरच वाक्य दिसतं, आणि ते मोठ्यानं वाचावं लागतं. मनातल्या मनात वाचणाऱ्याला, कितीही मोठा पाहुणा असो, दुसरा पेला मिळत नाही.

झाला ना तुमचा रिकामा? मग वाचा. हळू नको, मागचे पाहुणे पार दाराशी उभे आहेत, त्यांनाही ऐकू गेलं पाहिजे.