चार नंबरच्या लेथवरचा चहा

आमच्या कारखान्याचा म्यानेजर दाभाडे म्हंजे नुसता तोरा. आयटीआयची शमा मुलाणी तीन महिनं काम शिकायला आली, तर ह्या बाबानं तिला चहा वाटायला लावलं. माझं तर डोस्कंच फिरायचं! आन् शेवटच्या दिवशी मालकाम्होरं म्हणतो कसा, "हिला नोकरी कशाला? तीन महिने चहाच वाटलाय. हिला मशिनीतलं काय कळतंय?"

शमा म्हणली, "चहा वाटला म्हणूनच कळलं, साहेब. बाकीच्या लेथ मशिनींवर कपबशी ठेवली की गप बसती. चार नंबरवर ठेवली की चहा बशीत सांडतोय, इतकी ती मशीन हादरती. तिचं बेअरिंग गेलंय."

त्याच लेथचा माल महिनाभर रिजेक्ट होऊन माघारी येत हुता, आन् दाभाडे शिव्या आमाला घालत हुता. मालकानं तिथंच लेथ खोलायला लावली. बेअरिंग पार झिजल्यालं!

मालक हसून म्हणलं, "पोरी, उद्यापास्नं तू मशिनीवर. पर मग चहा कोण वाटणार?"

"दाभाडे साहेबास्नी वाटू द्या की. तीन महिन्यांत त्यास्नी बी मशिनी कळतील."

तवापास्नं आमच्यात शिकायला येणारं पोरगं पहिल्याच दिवशी मशिनीवर उभं ऱ्हातंय. आन् दाभाडे आपला चहा आपणच आणून पितोय.