उंबरजाईच्या सनईतला थांबा

कोंढरवाडीच्या उंबरजाईच्या देवळात संध्याकाळच्या आरतीला बसलात, तर एका जागी चमकाल. सनई ऐन रंगात येते आणि मध्येच थांबते. ओवाळणारा हातही थांबतो. नवख्याला वाटतं, वाजवणारा चुकला. गावात विचारलं की जाणती माणसं धाकोजी गुरवाची हकिकत सांगतात.

धाकोजीच्या घरात सात पिढ्यांची सनई. आरती पुरी होईपर्यंत सूर तुटता कामा नये, अशी तेव्हाची रीत. तुटलाच, तर देवी काहीतरी सांगते आहे असं धरायचं, आणि काय सांगते ते पुजारी अनंतभटांनी उलगडायचं. एका उन्हाळ्यात लागोपाठ तीन दिवस सूर तुटला. भटजी माणूस वाईट नव्हता म्हणे, पण अर्थ लावल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. त्याच आठवड्यात येसू कुंभारणीने देवळाच्या खालच्या अंगाला विहीर खणायला घेतली होती. गावाला कोसभरावरून पाणी आणावं लागे. तिने आणि तिच्या दोन मुलींनी दोन परस, म्हणजे दोन माणसं बुडतील इतकं, खणलं होतं आणि माती नुकती ओली लागली होती. भटजींनी ताळा जमवला: देवीला विहीर नको, उद्या बुजवा.

खणणं सोडून तशीच आरतीला आलेली येसू पायरीवर बसली.

खरं काय ते एकट्या धाकोजीला ठाऊक होतं. त्याला दम लागत होता. बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं, कारण छाती गेलेल्या गुरवाकडे सनई राहत नसे, ती चुलतभावाकडे जायची. आणि सनईवाचून त्याला दुसरं काही येत नव्हतं. येसूच्या मातीने भरलेल्या हातांकडे तो फार वेळ बघत राहिला, असं सांगतात. मग उठला.

“भटजीबुवा, हीर बुजवू नका. सूर देवीनं न्हाई तोडला. माझाच दम तुटतोय.”

“मग देवीचं म्हणणं तरी काय?” भटजींनी विचारलं.

“त्ये मला कसं ठावं असणार? मला माझ्या छातीचं तेवढं कळतं.”

आता आपली सनई गेली, असं समजून धाकोजीने ती पायरीवर ठेवली. येसूने ती उचलून परत त्याच्या हातात दिली.

“दम घे आन् वाजव, बाबा,” ती म्हणाली, “आमी थांबतो.”

आरती पुन्हा सुरू झाली, आणि सूर तुटला तिथे धाकोजी श्वास घेईपर्यंत भटजींनी निरांजन हातात तसंच धरून ठेवलं.

आजही वाजवणारा कितीही दमाचा असो, त्या जागी तो थांबतोच, आणि सारं देऊळ त्याच्यासोबत श्वास घेतं. त्या थांब्याचा अर्थ तिथला पुजारी कोणालाच सांगत नाही. फार खोदून विचारलंत, तर येसूच्या विहिरीचं तांब्याभर पाणी तुमच्या हातात देतो.