मडक्यातले दही

मातीच्या मडक्यात लावलेल्या दह्यावर पाणी साचत नाही. मडके ते संथपणे पिऊन टाकते आणि दही घट्ट राहते. शेवरवाडीला दयाळनाथ महाराजांच्या मठात रोज असे एक छोटे मडके येई. ते आणणाऱ्या सगुणाबाई चार घरी स्वयंपाक करून संसार चालवीत. त्यांची अनसूया उपवर झाली होती. सरदेशमुखांच्या दिनकररावांना ती मनापासून पसंत होती; पत्रिकाही जुळली होती. अडले होते ते त्यांच्या आई आक्कासाहेबांपाशी. स्वयंपाकीणबाईंची मुलगी सून म्हणून आणली, तर शहरातल्या पाहुण्यांना काय सांगायचे? त्या नाही म्हणत नसत, फक्त "बघू" म्हणत. त्या एका शब्दावर सगुणाबाई दोन वर्षे थांबल्या होत्या.

सप्ताहाच्या शेवटी काल्याचे दही देण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या सरदेशमुखांचा. त्या वर्षी बडी मंडळी येणार, म्हणून आक्कासाहेबांनी नेहमीची मडकी नाकारून पितळेची मोठी पातेली काढली. कल्हईने पितळेची झळाळी झाकली जाते, म्हणून ती लावू दिली नाही. चिंचेने लखलखीत घासलेल्या त्या पातेल्यांतच दूध विरजले.

काल्याच्या दिवशी सगुणाबाई मडके घेऊन आल्या, तेव्हा आक्कासाहेब पाहुण्यांकडे पाहून हसल्या. "सगुणे, ते मागच्या दाराशी ठेव. इथं गावाला वाढायचंय, शेजारणीला विरजण द्यायचं नाही."

पाहुण्यांनी तोंडाला पदर लावले. सगुणाबाईंनी मान खाली घातली नाही. "हे महाराजांचं आहे, आक्कासाहेब. ते सांगतील तिथं ठेवीन."

कीर्तन संपत आले आणि पातेल्यांवरची झाकणे निघाली. सारे दही कळकले होते; हिरवट, उग्र वासाचे. समोर सारा गाव ओंजळी धरून बसलेला. काल्यावाचून सप्ताह पुरा होत नाही. घराण्याचा मान आपल्याच हातून जाणार, हे आक्कासाहेबांना कळून चुकले. त्या महाराजांकडे धावल्या.

महाराज म्हणाले, "दही आहे की. सगुणाबाईंनी आणलंय."

"एवढ्याशात गावाचं कसं भागेल, महाराज?"

"तुम्ही वाढायला तर घ्या."

महाराजांनी मडक्यावर क्षणभर हात ठेवला. आक्कासाहेबांनी ते मातीचे मडके कडेवर घेतले आणि पहिल्या ओंजळीपासून वाढत निघाल्या. पळी बुडत होती, भरून निघत होती. पाहुण्यांनीही हात पुढे केले. शेवटच्या ओंजळीत दही पडले, तरी मडक्यात ते काठाखाली बोटभरच होते. धन्य ते महाराज, आणि धन्य ती सगुणाबाईंची सेवा!

आक्कासाहेब महाराजांच्या पायांशी वाकल्या. महाराजांनी पाय मागे घेतले आणि सगुणाबाईंकडे पाहिले.

आक्कासाहेब उठल्या. साऱ्या पाहुण्यांदेखत सगुणाबाईंपुढे वाकून त्यांनी हात जोडले.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तुमची अनसूया आमच्या घरात द्या."