गोल मेजाचा उलटा फेरा

नदीकाठच्या एका गावात फार वर्षांपूर्वी एक सुतार राहायचा. हात सोन्याचा, पण हट्ट शिसवीसारखा टणक. एकदा टाकलेलं पाऊल मागे घ्यायचं नाही, हा त्याचा बाणा. बाजाराला निघाल्यावर पिशवी घरी राहिल्याचं आठवलं, तरी तो परत फिरायचा नाही. भाजी उपरण्यात बांधून आणायचा. गोल वस्तूची कड घडवायची असली, की ती उजव्या हाताला ठेवून देवाला प्रदक्षिणा घालावी तसा फिरायचा, आणि सुरुवात केली तिथे पोहोचल्याशिवाय थांबायचा नाही. लोक कौतुकानं म्हणायचे, आमचा सुतार म्हणजे एकमार्गी माणूस. ते ऐकून तो आणखी एकमार्गी व्हायचा.

गावाच्या वेशीवर शिसवीचं एक जुनं झाड होतं. सुतार तान्हा असताना त्याची आई शेजारच्या मळ्यात खुरपायला जायची आणि त्याची झोळी त्याच झाडाला टांगायची. एके वर्षी मोठी वावटळ आली आणि ते झाड पडलं. खोड आतून पोखरलेलं निघालं. धड राहिलेल्या लाकडातून सुतारानं मोठ्या कष्टानं चार पातळ पापुद्रे काढले. आजकाल आपण ज्याला व्हिनियर म्हणतो ना, तसेच. बाकीचं लाकूड चुलीत गेलं.

गावानं ठरवलं, की या पापुद्र्यांचं चावडीसाठी एक मेज करायचं, म्हणजे झाड आपल्यातच राहील. मेज गोल हवं, असं सगळ्यांचं एकमत झालं. चौकोनी मेजाच्या डोक्याशी कोणी बसायचं यावरून तिथे दर सभेला रुसवेफुगवे व्हायचे, गोल मेजाला डोकंच नाही. दसऱ्याला ते चावडीत मांडायचं होतं.

सुतारानं सागाच्या जाड तक्त्यावर सरस लावला, चारही पापुद्रे रेषेला रेष जुळवून बसवले आणि वर दगड ठेवून आठ दिवस दाबून ठेवले. गोल आखायची वेळ आली तेव्हा परकाराचं टोक शिसवीत रुतू द्यायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं मधोमध खळीनं एक लाकडी चकती चिकटवली आणि टोक तिच्यावर टेकवलं. मग आरीनं गोल कापला आणि ओल्या फडक्यानं चकती सोडवली. शिसवीवर साधा ओरखडासुद्धा नव्हता. आता फक्त कडेला रंध्यानं गोलवा द्यायचा राहिला होता.

हे काम बघायला निम्मं गाव दारात जमलं. सुतारानं रंधा टेकवला आणि नेहमीसारखा फेरा सुरू केला. पहिला पाव फेरा लोण्यासारखा गेला. लांबलचक, काळपट तांबूस सालपटं पायाशी पडली आणि लोकांनी माना डोलावल्या. पण पुढच्या पाव फेऱ्यात रंधा चार बोटं गेला नाही तोच ‘कट्’ असा आवाज झाला. पापुद्र्याची एक बारीक शीर उचलली गेली होती, आणि तिचं टोक आत, मेजाच्या मधल्या भागाकडे निघालं होतं.

गावचा तेली अगदी पुढे उभा होता. त्याचा बैल जन्मभर घाण्याभोवती एकाच दिशेनं फिरत आलेला, त्यामुळे त्याचा सल्ला तयारच होता. तो म्हणाला, जोर लाव आणि रेटून ने, तू काय मधेच थांबणारा माणूस आहेस? सुतारानं रंधा उचलला, पातं बोथट झालंय असं सांगितलं आणि लोकांना उद्या यायला सांगितलं.

पातं काही बोथट नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं ते दोनदा परजलं. उचललेल्या शिरेखाली सरसाचा थेंब सोडून ती दाबून बसवली. संध्याकाळी जेवणात मन लागेना. आणखी एक शीर अशीच आत धावली, तर मेजाचा माथा फाटणार होता. पाचवा पापुद्रा नव्हता आणि झाडही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा न्हावी दाढी करायला आला. सुताराचा चेहरा बघून त्यानं काय झालं ते विचारलं, आणि सुतारानं सगळं सांगून टाकलं. म्हातारा ऐकत ऐकत साबण लावत होता. त्यानं एका गालावर वस्तरा वरून खाली आणला, मग हनुवटीखाली मानेपाशी खालून वर नेला. सुताराच्या मानेवरचे केस उलटे वाढायचे, हे त्याला वीस वर्षांपासून माहीत होतं.

“काका, तुम्ही हात का फिरवलात?” सुतारानं विचारलं. वीस वर्षांत हे त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आलं होतं.

“केस जसा निजलाय तसा वस्तरा न्यायचा,” न्हावी म्हणाला. “इथेही वरून खाली ओढला असता, तर आत्ता तुझ्या मानेतून रक्त आलं असतं. मग मी एकमार्गी न्हावी म्हणून मिरवलो असतो, आणि तू तुरटी चोळत बसला असतास.”

सुतार अर्ध्या दाढीनं उठला आणि मेजापाशी गेला. वाकून रेषा बघू लागला. शिसवीच्या रेषा इकडून तिकडे सरळ गेल्या होत्या, पण कड गोल होती. जिथे कड रेषांच्या बरोबरीनं धावत होती, तिथून सुरुवात करून रेषांच्या टोकाकडे उतरत गेलं, की रंधा शिरा निजवत जात होता. तीच कड टोकाकडून चढत गेलं, की तो शिरा उचकटत होता. म्हणजे चार पाव फेऱ्यांपैकी दोन प्रदक्षिणेच्या दिशेनं घ्यायला हवे होते आणि दोन उलटे. इतकी वर्षं जाड सागाच्या कडा त्यानं अंगातल्या जोरावर रेटून नेल्या होत्या. कागदाएवढ्या पापुद्र्यापुढे तो जोर कामाचा नव्हता.

“लोक बघतायत, काका,” तो हळूच म्हणाला. दारात पुन्हा गर्दी जमली होती.

“मग दार लाव.”

“दार लावलं तर उजेड जातो. रेषा दिसणार नाहीत.”

“मग लाजायचं की बघायचं, ते तू ठरव,” म्हातारा म्हणाला आणि वस्तरा पुसू लागला.

सुताराला खरोखर लाज वाटत होती. आयुष्यभर कमावलेलं नाव तो सगळ्यांसमोर खाली ठेवणार होता. मग त्यानं रंधा उचलला, मेजाला वळसा घालून पलीकडे गेला आणि मेज डाव्या हाताला घेऊन उलटा चालू लागला. दारात हशा पिकला. तेली म्हणाला, हा उलटा फेरा अशुभ असतो. कुणीतरी म्हणालं, आपला सुतार शेवटी मागे फिरला. सुताराचे कान लाल झाले, पण डोळे रेषांवरून हलले नाहीत. हलक्या हातानं, एका वेळी केसभर लाकूड काढत तो उलटा उतरला. कालची शीर जागच्या जागी कापली गेली. मग तो पुन्हा सरळ वळला, आणि शेवटच्या पाव फेऱ्याला पुन्हा उलटा. एकही शीर उचलली नाही. हळूहळू दारातला हशा थांबला आणि पायाशी पडणाऱ्या सालपटांचा आवाज तेवढा ऐकू येऊ लागला.

दसऱ्याला मेज चावडीत आलं. त्यावर झेंडूची फुलं वाहिली गेली आणि गाव गोलाकार बसलं. कुणीच रुसलं नाही. तेल्याच्या मनातून मात्र ती गोष्ट जाईना. त्यानं डोळे मिटून मेजाच्या कडेवर बोट ठेवलं आणि सबंध मेजाभोवती एक फेरा मारला. मग त्यावर समाधान न होऊन उलट दिशेनंही एक मारला.

“का रे,” त्यानं सुताराला विचारलं, “तू मागे फिरलास ती जागा नेमकी कुठली?”

“तूच सांग,” सुतार म्हणाला.

तेल्याच्या बोटाला ती जागा सापडली नाही.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: काम जपण्यासाठी जो दिशा बदलतो, त्यानं माघार घेतली असं होत नाही. लोकांचं हसू घटकाभराचं असतं, नीट झालेलं काम पुढे कित्येक वर्षं राहतं.