कल्हई आधी

“अजून किती दिवस थांबायचं म्हणता, भिकोबा?”

पाळकसाहेबांनी हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. भिकोबा तांबटांनी खाटेवर कूस बदलली आणि मिश्रीची डबी हळूच उशीखाली सारली. साहेबांनी ती पाहिली. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

“थोडं आवरायचंय, साहेब. बाप्तिस्मा घ्यायचा तर नीट होऊन घेतो.”

तांबट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, की डॉक्टरांनी म्हाताऱ्याला दिवाळीपर्यंतचीसुद्धा मुदत दिलेली नाही. गल्लीतल्या भिंती पातळ, त्यामुळे म्हाताऱ्याचा खोकलाही सगळ्यांचा झाला होता.

चाळीस वर्षं भिकोबा दर जूनला मिशनच्या बोर्डिंगात जायचे. शाळा उघडायच्या आधी तिथल्या मोठमोठ्या पितळी पातेल्यांना कल्हई लावायची, म्हणजे वर्षभर आंबट आमटी कळकत नाही. ते भाता हलवत असायचे आणि पलीकडे प्रार्थना चाललेली असायची. कान काही बंद करता येत नाहीत. ऐकता ऐकता कधीतरी आत काहीतरी बसलं, ते एकोणऐंशीव्या वर्षी, छाती कामातून गेल्यावर, वर आलं. मुलानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, जन्मभर माझं ऐकलं नाहीत, आता काय विचारता. सून सुलभा मात्र साहेब आले की चहा टाकायची, आणि कप द्यायच्या निमित्तानं दारातच रेंगाळायची.

घोडं अडलं होतं ते आवरण्याशी. म्हाताऱ्यानं मनाशी तीन गोष्टी धरल्या होत्या. मिश्री सोडायची. प्रभूची प्रार्थना तोंडपाठ करायची. आणि धाकट्या भावाशी, नरहरीशी, गोड व्हायचं.

मिश्री दोनदा सुटली आणि दोनदा परत आली. प्रार्थना निम्म्यापर्यंत पाठ झाली, पण ‘आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी आम्हाला कर’ ही ओळ आली की जीभ अडायची. कारण नरहरी.

वडिलांची ऐरण कुणाकडे राहावी, यावरून दोघा भावांत एकोणीस वर्षं बोलणं नव्हतं. मागच्या सोमवारी भिकोबांनी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. तो आला, बसला, पोहे खाल्ले. मग म्हणाला, मरताना बरा देव बदलायचं सुचलं तुला. भिकोबा म्हणाले, तू आधी ऐरण परत दे, चोरा. पाच मिनिटांत दोघांचे आवाज चौकापर्यंत गेले. नरहरी गेला तो चप्पल हातात घेऊनच.

त्या दिवसापासून भिकोबांनी धरलंच, की आपण काही या जन्मी लायक होत नाही.

शनिवारी सकाळी साहेब पुन्हा आले. या खेपेला हातात पिशवी होती. पिशवीतून त्यांनी एक पितळी पातेलं काढलं. लखलखीत. खिडकीतलं ऊन त्याच्यावर पडून छपराला लागलं.

“याला कल्हई लावायचीय,” साहेब म्हणाले. “तुमच्यानं आता होणार नाही, कळतं मला. निदान बघून तरी सांगा. चार दिवस घासतोय.”

भिकोबा उठून बसले. सुलभा सांगते, महिन्याभरात पहिल्यांदा आधार न घेता बसले. त्यांनी पातेलं मांडीवर घेतलं, आतून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

“कशानं घासलंत?”

“चिंच. राख. मग वरून जरा तेलाचा हात.”

“तेलाचा हात!” म्हातारा खोकला, खोकत हसला. “अहो, शिकलेली माणसं तुम्ही. चकाकतंय, पण यावर कथील धरायचं नाही. तेल बसलंय ना. आता हे तेल काढायचं कामही आमच्याच बोकांडी.”

“मग कसं आणायचं?”

“जसं असेल तसं. काळं, करपलेलं, बुडाला खरवड धरलेलं. घासायचं काम गिऱ्हाईकाचं नव्हे. वाळू टाकून आम्ही आत उभं राहतो आणि पायानं घासतो. मग विस्तव, मग नवसागर. तुम्ही नुसतं आणून ठेवायचं.”

“फार काळं असलं तर?”

“चाळीस वर्षांत एक परत पाठवलं नाही मी.”



मांडीवरचं पातेलं भिकोबांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. दारात सुलभाच्या हातातला चहा निवून गेला.

मग म्हाताऱ्यानं उशीखाली हात घातला, मिश्रीची डबी काढली आणि साहेबांच्या देखत खाटेच्या काठावर ठेवली. टाकली नाही, लपवलीही नाही.

“उद्या रविवार,” ते म्हणाले.

“हो.”

“मला चालवत नाही.”

“पाणी मी इथं घेऊन येतो.”

म्हाताऱ्यानं मान डोलावली. साहेब पातेलं पिशवीत घालून उठले, दारापर्यंत गेले.

“साहेब…” भिकोबांनी मागून हाक मारली. “आणि नरहरी? त्याच्याशी आधी गोड व्हायला नको?”

साहेब उंबऱ्यात थांबले.

“सोमवारी नरहरीशी बोलणं आमटीसारखं कळकलं ना, भिकोबा? बिनकल्हईच्या भांड्यात तुम्ही कधीपासून आंबट शिजवायला लागलात?”