हिरूचं खिंडार

माझी शाळा आठवीतच सुटली. त्यामुळे लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत, त्याबद्दल आधीच माफी मागतो. करंजबंदरला येणारे पाहुणे सड्यावरच्या गडग्याबद्दल विचारत राहतात, म्हणून कोणीतरी ही हकीगत लिहून ठेवावी असं गावात ठरलं. यंदा ओलीस बसायची पाळी माझी होती, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

आमचं बंदर खाली आणि गवळसडा, म्हणजे गवळ्यांचं कातळाचं पठार, वर, उभ्या कड्यावर. चैत्र सरत आला की पहाटे समुद्रावरून मळभ येतं. खाली ते आभाळ झाकून बसतं आणि वर सड्याच्या काठाला धुक्यासारखं टेकतं. तिथून पुढे जात नाही. पुढे नुसता तापलेला कातळ, जळलेलं गवत, आटलेली डबकी. पाहुणे त्याला वाळवंटच म्हणतात. कड्याच्या काठाने जांभ्या दगडांचा कमरेएवढा गडगा रचलेला आहे आणि त्याला मधेच एक खिंडार आहे. दरवर्षी अक्षय्य तृतीयेला आमचा एक माणूस वर गवळ्यांकडे एका रात्रीच्या मुक्कामाला जातो आणि त्यांचा एक खाली आमच्याकडे येतो. यालाच ओलीस बसणं म्हणतात.

मी वर होतो त्या संध्याकाळी पुण्याचं एक जोडपं तिथे आलं होतं. त्यांना गवळ्यांच्या धोंडूबाबांनी जे सांगितलं ते मी इथे लिहितो. आमच्या बंदरात जिथे वेगळं सांगतात, तिथे तसं लिहिलं आहे.

फार पूर्वी या गडग्याला खिंडार नव्हतं. गुरं कड्यावरून पडू नयेत म्हणून गवळ्यांनी तो घातला होता. पण बंदरातल्या लोकांना ते पटत नव्हतं. मळभामुळे त्यांची सुकत घातलेली मासळी कुजायची. गवळ्यांनी गडगा घालून मळभ आपल्या डोक्यावर अडवून ठेवलंय, असं ते म्हणायचे. वर गवळ्यांची गुरं उन्हाने मरत होती. त्यांना मळभ हवं होतं, आणि बंदरवाल्यांनी ते काहीतरी करणी करून खाली बांधून ठेवलंय अशी त्यांची खात्री होती. एकाला जे नको होतं तेच दुसऱ्याला हवं होतं. पण तुम्हाला काय हवंय, हे कोणी कोणाला विचारलं नाही. कमरेएवढ्या भिंतीने आभाळ कसं अडेल, हेही कोणी विचारलं नाही.

एका वैशाखात बंदरवाले पहारी घेऊन गडगा पाडायला चढले. गवळी काठ्या घेऊन उभेच होते. डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा दोन्हीकडच्या जाणत्यांनी तोड काढली म्हणे. एकेक माणूस एकमेकांकडे ठेवायचा. कोणी वाऱ्यापावसाशी काही खोडी केली, तर त्यांचा माणूस परत मिळणार नाही.

गवळ्यांकडून म्हाळू खाली गेला. बंदरातून हिरू नावाची विधवा वर आली. तिच्यामागे विचारणारं कोणी नव्हतं म्हणून तिला पाठवलं, असं धोंडूबाबा म्हणाले. ती आपणहून गेली, असं आम्ही सांगतो.

हिरूला गोठ्याशेजारी जागा दिली. तिच्या हातचं पाणी कोणी पीत नव्हतं. ती कुठे बघते, काय पुटपुटते, यावर बायकांची पाळत असायची. रोज एखादं जनावर बसायचं ते उठायचं नाही. शेवटी हिरूच म्हणाली, गडगा मधे फोडून बघा. हिला बंदरवाल्यांचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायचंय, असं सगळ्यांना वाटलं. तेव्हा ती जे बोलली ते गवळ्यांना अजून पाठ आहे.

"मळभ आत नाही आलं, तर मला खाली पाठवू नका."

तिनेच आपल्या हातांनी दगड काढले. कोणी मदत केली नाही आणि कोणी अडवलंही नाही. पुढचे काही दिवस काहीच झालं नाही, आणि लोक तिच्याकडे आणखी वाईट नजरेने बघू लागले. मग एका पहाटे मळभ खिंडारातून आत शिरलं. गुरांच्या कळपासारखं, एकामागून एक, असं सांगतात. कातळ ओला झाला आणि गुरं तो चाटत उभी राहिली. त्या दिवशी खाली बंदरात मासळीवर लख्ख ऊन पडलं म्हणे.

त्याच दिवशी उजाडताना, मळभ अजून काठावर असतानाच, खालून बंदरवाल्यांनी तिला हाक मारली होती. हिरू ओ देत खिंडाराबाहेर धावली. खालच्यांना तिची ओ एकदा ऐकू आली. पुन्हा नाही.

ती कोणाला परत दिसली नाही. खिंडाराबाहेर डाव्या हाताला पायवाट उतरते. काम झाल्यावर ती त्या वाटेने पळून गेली आणि तिच्या लोकांनी तिला लपवलं, असं गवळी म्हणतात. गवळ्यांनीच तिचं तोंड कायमचं बंद केलं, असं आम्ही म्हणतो. आमच्या लोकांनी म्हाळूला सोडलं नाही. तो जाळी विणायला शिकला आणि म्हातारा होऊन बंदरातच वारला, असं आमच्याकडे सांगतात. गवळ्यांना ते पटत नाही.

मी सहसा चारचौघांत बोलत नाही, पण तेव्हा विचारलं, "तिला उतरताना बघितलं कुणी?"

धोंडूबाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पुण्याच्या बाईंना म्हणाले, "बंदरची पोरं हेच विचारतात. मळभात कोण कुणाला बघतो?"

आजही वैशाखात मळभ त्या खिंडारापाशी टेकतं. आजही दोन्हीकडचा माणूस ओलीस बसतो. सकाळी खालून हाक आली की आमच्या माणसाने खिंडाराच्या आतूनच ओ द्यायची, बाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि तो ओ देईपर्यंत खालच्या गवळ्याला कोणी उठू देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या काकाची हाक आली. मी आतून ओ दिली. मग गुडघ्यांवर बसलो आणि रांगत बाहेर गेलो. डावीकडच्या वाटेने नाही, जिकडून हाक आली त्या दिशेने सरळ. डोळ्यांसमोर फक्त पांढरं होतं. थोडं पुढे गेलो नाही तोच हाताखालचा कातळ संपला. खाली लाटा आपटत होत्या.

मी मागे सरकलो. खिंडारापाशी पडलेले दगड एकेक उचलून त्या काठावर रचायला लागलो. काठी टेकत धोंडूबाबा आले.

"हे कुणी सांगितलं तुला? बंदरवाल्यांनी?"

"नाही, बाबा."

त्यांना खरं वाटलं नाही. मी दगड कुठे नेतोय ते बघायला तेही वाकून बाहेर आले आणि काठीने पुढचा कातळ चाचपू लागले. काठी एकदम खाली गेली. मी त्यांचा दंड धरला. तो त्यांनी सोडवून घेतला नाही. ते तसेच उभे राहून खालच्या लाटांचा आवाज ऐकत होते.

मग म्हणाले, "अजून एक थर चढव."