जेवढी नेली तेवढी

डोंगराच्या अलीकडं एका गावात एक भोळा वाटाड्या होता. म्हणजे अजून झाला नव्हता, व्हायचा होता. नाव लहानू. अंगानं दांडगा, पाय शेळीचे, कुठल्याही कड्यावर सरसर चढायचा. डोक्याचं मात्र विचारू नका. आईनं 'जरा दुधाकडं बघ' म्हटलं, तर तो दुधाकडं बघत बसायचा. दूध उतू गेलं तरी बघायचा. चुलीवरून खाली वाहिलं तरी बघायचा. आईनं विचारलं तर सांगायचा, "सगळं बघितलं."

डोंगराच्या पलीकडं त्याचा मामा राहायचा. देवराममामा म्हणजे त्या भागातला नावाजलेला वाटाड्या. शहरातून पाहुणे यायचे. कुणाला शिखर बघायचं असायचं, कुणाला धबधबा, कुणाला पठारावरचं तळं. ते सकाळी चढायचे, संध्याकाळी उतरायचे आणि मधला सगळा वेळ "अजून किती लांब?" असं विचारायचे. मामा दर वेळी म्हणायचा, "हे काय, आलंच की." त्या भागात शिखर कधी लांब नसतंच. ते नेहमी आलेलंच असतं.

पण आता मामाचे गुडघे कुरकुरायला लागले होते. मुलगा नव्हता. झुंबर नावाची एकुलती एक लेक होती. लहानूचा तिच्यावर फार जीव. मामाची पोर म्हणजे तशी हक्काची, पण मामानं अट घातली.

"भाच्या, वाटाड्याची पोर मी वाटाड्यालाच देणार. पाहुणे वर ने आन् खाली आण. ज्या दिशी एकबी पाहुणा माझ्या दारात बोंबलत येणार न्हाई, त्याच्या दुसऱ्या दिशी हळद."

लहानूला वाटलं, यात काय अवघड आहे? एकच तर दिवस हवा.

पहिले पाहुणे आले. त्यांना शिखरावर जायचं होतं.

"मामा, काय करू?"

"काय न्हाई. पाहुण्यांच्या म्होरं चालायचं."

लहानू पुढं चालला. फार पुढं चालला. पाहुणे पहिल्या टेकाडावर धापा टाकत होते, तेव्हा हा शिखरावर पोचला होता. तिथं त्यानं झेंड्याच्या काठीला हात लावला आणि दुसऱ्या वाटेनं उतरून दुपारी मामाच्या ओट्यावर भाकरी खायला बसला.

"आरं, पाहुणे कुठं हायेत?"

"मागं हायेत," लहानू म्हणाला. "मी म्होरं हाय."

पाहुणे करवंदीच्या जाळीत सापडले. काट्यांनी ओरबाडलेले पाहुणे मामाच्या दारात येऊन जे बोंबलले, ते पार खालच्या वाडीला ऐकू गेलं. मामानं कपाळावर हात मारला.

"लहान्या, असं सोडून जायचं असतंय का? पाहुण्याचा हात धरायचा. काय वाट्टेल ते झालं तरी सोडायचा न्हाई."

"बरं मामा. आता तसंच करतो."

पुढचे पाहुणे धबधब्याचे. त्यात एक भारदस्त साहेब होते. लहानूनं निघतानाच त्यांचा हात धरला. साहेब म्हणाले, "अरे, इथं तर सपाट रस्ता आहे." लहानूनं सोडला नाही. साहेबांना फोटो काढायचा होता. सोडला नाही. साहेबांना झुडपाआड जायचं होतं. लहानूही गेला.

"अरे, इथं तरी सोड!"

"काय वाट्टेल ते झालं तरी सोडायचा न्हाई, असं मामा म्हणालाय."

धबधब्यापाशी साहेबांचा पाय शेवाळावर पडला आणि ते खालच्या डोहात गेले. लहानूनं हात सोडला असता, तर काठावर राहून साहेबांना वर ओढता आलं असतं. त्यानं सोडला नाही. दोघेही हातात हात घालून गटांगळ्या खाऊ लागले. डोह कमरेएवढाच होता म्हणून बरं. साहेबांच्या बुटांत पाणी गेलं, पिशवीतली पुरणपोळी भिजली, फोन बंद पडला. संध्याकाळी साहेब मामाच्या दारात उभे राहून शिंकायचे आणि बोंबलायचे, परत शिंकायचे आणि परत बोंबलायचे.

मामा म्हणाला, "आरं शहाण्या, पाण्यापाशी हात धरून काय उपेग? पाण्यापाशी आलं का पाहुण्यांचे बूट, पिशव्या, फोन, समदं काढून घ्यायचं आन् उंच जागी न्हेऊन ठेवायचं."

"बरं मामा. आता तसंच करतो."

झुंबर दाराआडून ऐकत होती. तिच्या मैत्रिणींच्या हळदी होऊन गेल्या होत्या. ती चिडून म्हणाली, "अहो, जरा आपलं डोस्कं चालवा की!"

"पायच चालतात, झुंबरे," लहानू दुःखानं म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतंच. मामा सांगतो ते सगळं मी करतो, तरी लोक का बोंबलतात, हे काही त्याला कळेना.

पुढचे पाहुणे तळ्याचे. भर उन्हाळा, तळ्यात पाणी ओंजळभर. पाहुणे काठाला टेकले, तेवढ्यात लहानूनं सगळ्यांचे बूट, पिशव्या आणि फोन गोळा केले. पाहुण्यांना वाटलं, काय सेवा आहे! मग लहानू उंच जागा शोधू लागला. दगड बघितला, पण दगडापेक्षा झाड उंच होतं. झाडापेक्षा टेकाड उंच होतं. आणि टेकाडापेक्षा शिखर उंच. शिखरापेक्षा उंच काही दिसेना, म्हणून त्यानं सगळं शिखरावर नेऊन ठेवलं आणि खाली येऊन हात झटकले.

"आमचे बूट कुठं आहेत?"

लहानूनं वर बोट दाखवलं.

"अजून किती लांब?"

"हे काय, आलंच की."

कातळ तव्यासारखा तापलेला. पाहुणे एका पायावर नाचत, दुसऱ्या पायावर नाचत शिखरावर गेले. तळं बघायला आलेल्या लोकांना शिखरही बघायला मिळालं. पण त्याचं कुणाला कौतुकच नाही. त्यात एक बूट माकडानं पळवला, आणि त्या बुटाचा मालक लंगडत येऊन मामाच्या दारात असा बोंबलला की मामाच्या कोंबड्या खुराड्याबाहेर येईनात.

मामानं आधी कोंबड्यांना चुचकारून बाहेर काढलं. मग लहानूला समोर बसवून म्हणाला, "हे बघ पोरा. आता समदं इसर. एकच ध्यानात धर. वाटाड्याचा धर्म काय? जेवढी नेली तेवढी आणायची. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई. निघताना मोजायचं, परतताना मोजायचं."

"बरं मामा. आता तसंच करतो."

पुन्हा शिखराचे पाहुणे आले, पाच जण. लहानूनं निघताना मोजले. शिखरावर गेल्यावर त्यातला एक जण पलीकडच्या वाटेनं कोकणात उतरला. तिकडं त्याचं सासर होतं. लहानूनं मोजले तर चार. परत मोजले, तरी चार. एक कमी! आता मामा झुंबर देणार नाही!

शिखरावरच्या देवळात एक म्हातारा गोसावी घोरत पडला होता. लहानूनं त्याला उचलला, खांद्यावर टाकला आणि मोजले. पाच! जिवात जीव आला.

संध्याकाळी मामा दारात कानावर हात ठेवूनच बसला होता. पण पाहुणे हसत आले. एवढी गंमत आपण जन्मात बघितली नाही म्हणाले आणि गेले. गोसावी तर लहानूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बच्चा, गुडघे धरले होते रे. मागच्या पावसाळ्यापासून वर अडकलो होतो. ये जा करणाऱ्या दहा जणांना सांगितलं, 'खाली न्या'. कुणी नेलं नाही. तू न विचारता आणलंस."

मामाचे डोळे भरून आले. त्याचेही गुडघेच धरलेले ना. त्यानं भाच्याला पोटाशी धरलं आणि म्हणाला, "शिकला रं माझा लहान्या! आता हा नेम मरेपर्यंत सोडू नगंस."

ही मामाची चूक झाली.

लग्न ठरलं. लहानूकडचं वऱ्हाड डोंगर ओलांडून पायीच निघालं. निघताना लहानूनं मुंडावळ्या बाजूला करून मोजलं. स्वतःला धरून वीस माणसं. मामाच्या दारात अक्षता पडल्या, जेवणं झाली, झुंबर आईच्या गळ्यात पडून रडली आणि वऱ्हाड परत निघालं.

खिंडीत आल्यावर लहानूनं सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि मोजलं. एकवीस!

परत मोजलं. एकवीस!

"एक माणूस जास्त आलंय," तो घाबरून म्हणाला आणि एकेकाचं तोंड बघत निघाला. "आई, तू व्हतीस. चुलते व्हते. सनईवाला व्हता." शेवटी तो हिरव्या शालूपाशी थांबला. "झुंबरे, तू नव्हतीस."

"अहो, मी तुमची बायकू हाय!"

"ते खरंय. पण येताना नव्हतीस."

आई म्हणाली, "आरं मेल्या, माझी सून हाय ती!"

"सून हाय, आई. पण जास्त हाय."

आई खाली धोंड्यावरच बसली. झुंबर पदर खोचून म्हणाली, "चला माघारी. बाबांच्या तोंडूनच ऐका." वऱ्हाड खिंडीत थांबलं आणि नवरा-नवरी परत मामाच्या दारात आली. मांडवातल्या बायका नुकत्याच डोळे पुसून भांडी घासायला बसल्या होत्या.

"मामा, मोजणीत एक माणूस जास्त भरलं," लहानू म्हणाला. "तुमचंच निघालं. सुखरूप आणलंय."

मामाच्या हातातला तांब्या खाली पडला. "आरं गाढवा! लगीन लावून दिलं ते कशाला? आत्ताच्या आत्ता तिला सासरी पोचव! ती वऱ्हाडात पायजेच!"

"पायजेच?"

"पायजेच!"

"बरं मामा. आता तसंच करतो."

दोघं गेली. मामानं देवाला हात जोडले.

दिवेलागणीला दार वाजलं. मामानं उघडलं. बाहेर लहानू एकटाच उभा. मुंडावळ्या कपाळावर, चेहऱ्यावर मोठं समाधान.

"झुंबर कुठं हाय?"

"सासरी गेली, मामा. वऱ्हाडासंगं. खिंडीपतुर पोचवून आलो."

"आन् तू रं?"

"मोजलं ना मी. झुंबर पायजेच, मंग कुणीतरी कमी व्हायला नको?" लहानू चपला काढून घरात आला आणि भिंतीला टेकून बसला. "मीच जास्त भरलो."